तापी नसलेला नकाशा

नातीने चित्रासाठी निळा रंग कालवला, आणि त्या ओल्या वासाने मला केशवभाऊ आठवले.

नवा मध्य प्रदेश झाला त्या वर्षांत, बुऱ्हाणपूरच्या आमच्या कचेरीत ते गावांचे नकाशे काढत. तापीला निळ्याचे तीन पातळ हात देत. एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. नव्या साहेबांनी सगळे नकाशे नव्या मापात मागितले. भाऊ सहा महिने खपले. मग साहेब बदलले, त्यांना जुनंच माप हवं होतं. तिसऱ्यांना पुन्हा नवं. काढलेला नकाशा मात्र कुणी उलगडूनही पाहत नसे.

एका दुपारी पाहिलं, तर बुऱ्हाणपूर आणि जैनाबादच्या मध्ये कोरा कागद.

"भाऊ, तापी राहिली की!"

"राहू दे रे. सही होऊन येतो की नाही बघ."

संध्याकाळी नकाशा सही होऊन आला. भाऊ पिशवी उचलून घरी गेले.

भाऊ आता कामचुकार झाले, असं मी तेव्हा सगळ्यांना हसत सांगितलं. पण त्या दुपारी त्यांच्या टेबलावर वाटीत निळा रंग ओला होता. साहेबांनी विचारलंच, तर लगेच नदी भरता यावी म्हणून त्यांनी तो कालवून ठेवला होता.