दत्तासोबतची चौदा मिनिटं

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला फोन आला. दत्ताराम गेला, झोपेतच. आमची घरं दहिसरला एकाच गल्लीत, त्यामुळे चप्पलही न घालता मी त्याच्या दारात पोचलो. डॉक्टर म्हणाले, हृदय काही महिन्यांपासून थकत आलं असणार. डॉक्टर निघाल्यावर दत्ताच्या बायकोने, सुमनवहिनींनी, मला विचारलं, "भावोजी, तुम्ही रोज बरोबर असायचात. तुम्हाला कधी काही जाणवलं होतं का हो?" मी म्हणालो, "नाही, वहिनी."

ते उत्तर चूक होतं. म्हणून हे लिहितोय.

आमच्या कोकणातल्या गावचे चाकरमानी दरवर्षी गणपतीआधी इथे दहिसरलाच, नदीपलीकडच्या देवळाच्या सभामंडपात जाखडी नाचाचा सराव करतात. मधे गाणारे बुवा आणि मृदंगवाला बसतात, भोवती आम्ही बारा जण एका पायात चाळ बांधून गोल फेर धरतो. बारा पाय एकदम पडले की घुंगरांचा एकच आवाज येतो. एक पाय चुकला तर लगेच कळतं. मी मरोळच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. केसाएवढा फरक सापडला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. नाचातही मी मोजूनच पाय टाकायचो. दत्ता कधीच मोजायचा नाही. फेर सुरू व्हायच्या आधी तो नाकाने एक मोठा श्वास घ्यायचा, शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढा, आणि त्या श्वासावर आम्ही सगळे सुटायचो. मृदंगवाला ठेका देतो आणि नाचणारे त्यावर नाचतात, असा आमचा समज. खरं तर मृदंगवालासुद्धा दत्ताच्या पायाकडे बघून वाजवायचा. मी तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटताना दिसलो की दत्ता ओरडायचा, "अंत्या, बायकोला हाक मारतानाही सेकंद मोजतोस काय रे? वर बघ जरा!" वर बघितलं, त्याच्या खांद्याकडे बघितलं की पाय आपोआप बरोबर पडायचा. ते कसं व्हायचं, मला आजही सांगता येत नाही. मानसशास्त्र शिकणारी माझी भाची म्हणते, एकत्र काम करणाऱ्यांची पावलं, श्वास, कधीकधी हृदयाचे ठोकेसुद्धा नकळत जुळत जातात. कोण कुणामागे जातंय ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.

गेल्या वर्षी बोरिवलीच्या स्पर्धेत परीक्षकांनी आमचा नाच संथ ठरवला. म्हणून यंदा वेळ मोजायचं काम मी मागून घेतलं. सरावाच्या पहिल्या आठवड्यात आमचं गाणं सात मिनिटं दहा सेकंदांत संपलं. तिसऱ्या आठवड्यात सात चाळीस लागले, पाचव्यात आठ पाच. गाणं तेच, कडवी तेवढीच, आणि नाचताना कुणालाच वाटत नव्हतं की आपण रेंगाळतोय. कारखान्यात बिघाड शोधायला एकेक भाग काढून बघतात. मी तेच केलं. रोज एकाला बसवून वेळ घेतली. एकेक करून चौघांना बसवलं तरी फरक पडला नाही. पाचव्या दिवशी दत्ताला बसवलं. सात बारा.

मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. मी सगळ्यांसमोर घड्याळ दाखवलं. "दत्ता, तू मागे ओढतोयस. अकरा जणांना घेऊन ओढतोयस."

"मी?" तो हसला. "अरे, मला वाटलं तुम्हीच म्हातारे झालात." मग म्हणाला, "बसतो रे बाजूला. तू आकडा सांगतोस म्हणजे खरंच असणार." त्याने वाकून चाळ सोडायला घेतला. गाठ सुटेना, म्हणून वाकलेलाच थोडा वेळ थांबला, मग अर्धवट सुटलेल्या गाठीसकट चाळ पायातून ओढून काढला. तो धापा टाकत होता. मी पाहिलं, आणि रागावला असेल म्हणून दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर तो रोज यायचा, खुर्चीवर बसायचा. आम्ही सात बारात नाचायचो. एकदा बुवा म्हणाले, "वेळ बरोबर आहे रे, पण अकरा घरची अकरा माणसं नाचल्यासारखी वाटतात." मी त्यांना परत घड्याळ दाखवलं.

सराव संपला की आम्ही दोघं चालत घरी यायचो. सभामंडपापासून आमच्या गल्लीपर्यंत पूर्वी अकरा मिनिटं लागायची. या पावसाळ्यात चौदा लागू लागली. तो नदीच्या पुलावर दोनदा कठड्याला टेकायचा, "पाणी बघ किती चढलंय" म्हणायचा. पाणी चढलेलं असो वा नसो. चौदा हा आकडाही माझ्या लक्षात होता. गप्पांमुळे उशीर होतो, एवढं म्हणून मी तो सोडून दिला. खुर्चीवर बसल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तो गेला.

त्याचं शरीर महिनाभराहून जास्त काळ आम्हाला सांगत होतं. अकरा जणांच्या पायांना ते कळलं होतं, मृदंगवाल्याच्या हातांना कळलं होतं. सगळे त्याच्यासाठी हळू झाले होते. कळलं नव्हतं ते फक्त मोजणाऱ्याला. माझ्याकडे सगळे आकडे होते. त्याला काय होतंय, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर तो वाचला असता का, ते मला माहीत नाही. पण डॉक्टरकडे तरी गेलो असतो.

हे छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवणं भाग होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी वाचत गेलो, त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला नवल वाटलं होतं."

"का?"

"ते म्हणायचे, अंत्याला कळलंय. हल्ली माझ्यासाठी हळू चालतो, पण विचारून लाजवत नाही. शहाणा आहे."

मी कागदाची घडी घातली. त्यांनी चहा ठेवला, मी तो प्यायलो.

परवा सभामंडपात मी एकटाच गेलो होतो, माझा चाळ पेटीत ठेवायला. दत्ताचा चाळ वर होता, गाठ तशीच अर्धवट सुटलेली. ती सोडवली नाही. कुलूप लावून निघालो. पाऊस नव्हता, वाटेत कुणी भेटलं नाही. पुलावर पाय दोनदा थांबले. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि सवयीने घड्याळ पाहिलं.

चौदा मिनिटं.