घरची किंमत

“गाडीची किंमत सांगा, मी तुमाले रस्ता सांगतो,” असं हिरालाल गजभिये एकदा म्हणाले होते.

तरुणपणी ते रायपुरातल्या एका मोटारसायकल एजन्सीत पावत्या लिहीत. एजन्सी बंद होऊन जमाना झाला. पण लांब पल्ल्याच्या त्या जड गाड्या नव्या असताना कितीला गेल्या, ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. स्वतः ते जन्मभर सायकलवर. बारा हजार आठशे म्हटलं की त्यांना केशकालचा घाट दिसायचा, साल वृक्षांच्या पानांत अडकलेला धूर. पंधरा हजार म्हणजे चिल्फीच्या घाटातलं धुकं. एकोणीसच्या पुढे समुद्र होता. तो त्यांनी पाहिला नव्हता, पण कुणाची गाडी पुरीहून येऊन सर्व्हिसिंगला लागली की ते तिच्या मडगार्डमधली रेती नखाने काढून तळहातावर घेत.

बूढ़ापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या वस्तीत, तळ्याच्या बाजूला विनायकचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. प्रत्येक हँडलला एक छोटी पाटी, तिच्यावर खडूने किंमत. हिरालाल दुपारी तिथे येऊन बसत आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणत, “नवी होती तवा साडेनऊ हजारात भेटे.”

“हिरालालभाऊ, तुमी माहं दुकान बंद करून राहिले,” विनायक म्हणायचा. “चहा प्या अन् चूप बसा.”

“चहा भी तवा चार आण्याले होता.”

एक गोष्ट मात्र ते सांगत नसत. त्या काळी मोठी गाडी घेणारा माणूस काउंटरवर वाकून हळूच म्हणे, घरची पावती वेगळी बनव. घरची म्हणजे कमी आकड्याची, बायकोला आणि वडिलांना दाखवायची. हिरालाल दोन्ही लिहून देत. सकाळी बुद्धवंदनेत खोटं बोलणार नाही म्हणायचं आणि दुपारी खोटं लिहायचं. आपण बोलत तर नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

गेल्या हिवाळ्यात एका टेम्पोतून काळी साडेतीनशे सीसीची गाडी उतरली. मागून स्कूटीवर विनोदिनीबाई आल्या, नात साक्षीबरोबर. नंबर पाहताच हिरालाल उठून उभे राहिले.

“यशवंतरावांची?”

“हो. आमचे हे मागल्या साली गेले,” बाई म्हणाल्या. “तुमी हिरालाल ना? तुमालेच भेटाले आली मी. गाडी विकणं बादमे.”

हिरालालना शहाऐंशी सालची ती दुपार आठवली. यशवंतरावांनी त्यांचा हात हातात घेतला होता. “हिरालाल, जन्मात कोणापाशी बोलू नको.” “नाही बोलणार साहेब.”

बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावती काढली. बारा हजार दोनशे. अक्षर हिरालालचंच, वळणदार, खाली त्यांची सही, शाई तपकिरी झालेली.

“आजी, मैंने नेट पे देखा है,” साक्षी म्हणाली, “बारह में ये गाड़ी आती ही नहीं थी।”

“थांब तू. मले यांच्या तोंडून आयकू दे.” बाई स्टुलावर बसल्या. “गाडी आली त्याच महिन्यात माह्या पाटल्या पेटीतून गेल्या. तीन तोळ्याच्या, तवाच्या सात हजाराच्या. माहा लहान भाऊ भार्गव आमच्याकडे राहून शिकत होता. मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. पोट्टा जेवता जेवता उठला अन् नागपूरले निघून गेला. चाळीस वर्षं झाले, राखी नाही पाठवली मी.”

विनायकने रेडिओ बंद केला.

“किंमत बाराच असंन, त मी बरोबर होती,” बाई म्हणाल्या. “अन् जास्त असंन, त ते वरचे पैसे कुठून आले, मले समजते. खरी सांगा भाऊ.”

“सांगा ना,” विनायक म्हणाला. “रोज त न विचारता सांगता.”

हिरालाल गाडीपाशी गेले. टाकीवर हात ठेवला. थंड होती, तरी त्यांना ती चालत असल्यासारखी वाटली. पहाटेचा एक लांब रस्ता त्यांना दिसला, दोन्ही बाजूंना धानाची खाचरं, त्यांत आभाळ साचलेलं. यशवंतराव चालवताहेत, मागे तरुण विनोदिनीबाई, त्यांच्या खांद्यावर ठेवलेला हात मनगटाशी मोकळा. आणि खूप मागे, रस्त्याच्या कडेने, एक मुलगा ट्रंक घेऊन स्टेशनकडे चाललेला. इतकी वर्षं हा रस्ता त्यांनी पाहिला होता, त्यावर तो मुलगा कधी नव्हता.

त्यांनी हँडलची पाटी काढली. विनायकने नुकताच लिहिलेला आकडा बाहीने पुसला. खडू घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: १९,२००. खाली तारीख घातली, आणि जुन्या सवयीने सही केली. पाटी बाईंच्या मांडीवर ठेवली.

बाई आकड्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या उजव्या हाताने डावं मनगट धरलं होतं.

“साक्षी,” त्या म्हणाल्या, “नागपूरचा नंबर शोध. माह्या भार्गवचा.”

“अभी?”

“हव. आताच.”

विनायक चहा सांगायला वळला. हिरालालनी बोटांवरचा खडू धोतराला पुसला, पायरीखालची चप्पल पायात सरकवली आणि तळ्याच्या रस्त्याला लागले.