दांडा माझ्या बाकावर होता

आधीच सांगतो — भूत, करणी, चमत्कार यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही कुणी अंगारा पुढे केला की माझा हात मागे जातो. जन्म मोटार दुरुस्तीत गेला. बंद पडलेल्या गाडीला कारण असतंच आणि ते पान्याने सापडतं... एवढाच माझा धर्म. तरीही ही एक गोष्ट आहे. मी बोलतोय, सून लिहून घेतेय.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. दापोडीला, मुंबई-पुणे रस्त्याला लागून, एका गॅरेजात मी मिस्त्री होतो. निघोज्याच्या सोपानरावांनी कांदा-बटाटा पुण्याला न्यायला नवी कोरी पिकअप घेतली. गावातली पहिली मोटार! पण पहिल्या महिन्यापासून रड. चढावर गिअर आपोआप सुटायचा, क्लच थरथरायचा, खालून खडखड. गिअरबॉक्स मी दोनदा उतरवला; एक दात झिजलेला नाही. क्लच प्लेट बदलली — तरी तेच. "मिस्त्री, नवी नवरी अन् रोज माहेरी," सोपानराव हसून म्हणायचे, पण आतून वैतागले होते.

शेवटी मी बसने निघोज्याला गेलो. सोपानराव चाकणच्या बाजारात होते. अंगणात गाडी उभी. मी तिचा शाफ्ट काढला — म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा लांब लोखंडी दांडा. तो नसला की इंजिन कितीही ओरडो, गाडी जागची हलत नाही. गिअरबॉक्सच्या मोकळ्या तोंडातून तेल गळू नये म्हणून चिंधी कोंबली, वरून सुतळीने घट्ट बांधली. सोपानरावांची बायको, कौसाबाई, ओट्यावर बसली होती. दिवस भरलेले.

"वहिनी, दांडा नेतोय. परवा आणून बसवतो. सांगा त्यांना," म्हटलं आणि दांडा गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दांडा बाकावरच्या वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून त्याचा जॉइंट सोडवत होतो, तर बाहेर ओळखीचा हॉर्न. मान वर केली... सोपानरावांची पिकअप दारात!

सोपानराव धावतच आत आले. "मिस्त्री, बघा की वो! निघोज्यापासनं पाण्यावानी आली अन् हितं येऊन आडली. कौसाला लई तरास हाय, सुईणीनं हात टेकलं. पुण्याला न्यायची!"

गाडी अंगणात दिसली, म्हणजे मिस्त्रीने दुरुस्त करून ठेवली, असंच ते समजले होते. समजावत बसायला वेळच नव्हता. समोरच्या वखारीतून रिकामा ट्रक निघाला होता, त्याला हात केला. आम्ही दोघांनी पिकअपच्या मागून गादीसकट कौसाबाईला त्यात ठेवलं, सोबत आलेली सासू शेजारी बसली. कण्हता कण्हता कौसाबाई नवऱ्याला म्हणाली, "मी म्हनत व्हते, मिस्त्री कायतरी घेऊन गेल्यात... तुमी आयकलं न्हाई."

ट्रक गेल्यावर मी गाडीखाली शिरलो. दांड्याची जागा मोकळी, आरपार उजेड. आणि चिंधी... माझीच गाठ, माझीच सुतळी, जशीच्या तशी. गिअरबॉक्स दोन फेरे जरी फिरला असता तरी ती भिरकावली गेली असती. मी तिथेच, जमिनीवर, कितीतरी वेळ पडून राहिलो. भीती नाही वाटली हो. फार मोठ्या माणसासमोर आपला आवाज फुटत नाही ना — तसं झालं.

मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या.

मी चौकशी सोडली नाही. कुणी ओढत आणली असेल? मोशीत, भोसरीत विचारलं — गाडी एकटीच गेली म्हणाले. उतारावर घरंगळली? मग इंद्रायणी ओलांडल्यावर मोशीचा चढ कसा चढली? सोपानरावांना विचारलं तर, "रस्ता बघत व्हतो, बास. भान कुनाला व्हतं?" शाफ्ट मी पुन्हा बसवला. त्यानंतर ती गाडी विकेपर्यंत एकदाही गिअर सुटला नाही. का, तेही कळलं नाही.

खूप वर्षांनी, सोपानराव गेल्यानंतर, कौसाबाईंना विचारलं, "वहिनी, त्या दिवशी वाटेत काही वेगळं जाणवलं?"

त्या म्हणाल्या, "मोशीचा चढ लागला तवा मागच्या काचेतनं बघितलं, ह्यांनी गिअरला हातबी लावला न्हाई. आवाज न्हाई, हादरा न्हाई. निस्ता वारा. मी त्याआदी कदी मोटारीत बसले न्हवते, भाऊ... मला वाटलं, मोटारी अशाच चालत्यात."

त्यानंतर मी शेकडो मोटारी उघडल्या. तशी चाललेली एकही पाहिली नाही, आणि ती कशी चालली, ते आजही मला सांगता येत नाही.