आमचं शहाणं दार

पप्पांच्या पहिल्या वर्षाची प्रार्थना आमच्या घराच्या दाराने होऊ दिली नाही. दार मीच शहाणं केलं होतं.

शहाणं म्हणजे स्मार्ट. पोटासाठी मी कळंबोलीला एका लोखंडवाल्याच्या ऑफिसात बसतो, पण जगतो गॅजेटांसाठी. या विषयावर माझी मतं ठाम आहेत आणि ती आजवर कुणीही विचारलेली नाहीत. राउटर माळ्यावर ठेवणाऱ्या माणसाशी मैत्री करू नये. फोनमध्ये वीस टक्के चार्जिंग असताना निवांत घराबाहेर पडणाऱ्याला मुलगी देऊ नये. मिक्सरला वायफाय नको (खोबरं वाटताना अपडेट आला तर आईने काय करायचं?), पण दाराला हवंच! म्हणून आमच्या दाराला बोटाने उघडणारं कुलूप होतं, बोलणारी बेल होती, आणि बाहेर कोण आलंय ते बघायचं जे जुनं काचेचं भोक असतं, ते काढून त्या जागी मी कॅमेरा बसवला होता. पप्पांनी हा सगळा सोहळा चहा पीत पाहिला आणि एवढंच म्हणाले, "बेनू, कडीला बॅटरी लागत नाही."

त्यानंतर चार महिन्यांनी पप्पा गेले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. प्रार्थना हिब्रूत, भांडण मराठीत आणि आमटीत नारळाचा रस. माझा थोरला भाऊ रूबेन कधीच इस्रायलला गेला, अश्दोदला. पप्पा गेले नाहीत. "मला तिथे ओळखतं कोण?" म्हणायचे. त्यांनी आयुष्यात आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. "माझं कद्दीश इथे म्हणा. याच हॉलमध्ये."

कद्दीश म्हणजे मुलाने गेलेल्या बापासाठी म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात. नऊ संत असले तरी भागत नाही आणि दहा गाढवं असली तरी चालतात, असं आमची प्रार्थना चालवणारे सॉलोमनकाका म्हणतात (आणि म्हणताना माझ्याकडे बघतात). पूर्वी पनवेलात दहा माणसं नुसती हाक मारली की यायची. आता कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्रायलला, कुणी पप्पांकडे. पप्पा गेले त्या आठवड्यात दहा जमलेच नव्हते. त्यामुळे वर्षाला काहीही करून जमवायचेच, असं आईने ठरवलं होतं. मी तीन आठवडे फोन करत होतो. दोघं ठाण्याहून, एक पेणहून, एक अलिबागहून दुखरा गुडघा घेऊन. आणि दहावा माझा आत्तेभाऊ मोझेस, न्हावा शेवा बंदरात क्रेन चालवणारा. त्याची रात्रपाळी. सव्वासातला कंपनीची बस त्याला आमच्या नाक्यावरून उचलणार होती.

आता एवढी माणसं जमवल्यावर साध्या माणसाने सतरंजी घातली असती. मी 'प्रार्थना मोड' बनवला!

बरोबर साडेसहाला एक तासासाठी सगळं आपोआप व्हायचं. दिवे मंद. बेल मुकी. दार बंद, आणि तेही असं की बाहेरून बोट चालणार नाही आणि आतलं बटणही दबणार नाही. (मागे एकदा प्रार्थना चालू असताना आई उठून कुरिअरवाल्याला पाणी विचारायला गेली होती.) सगळ्यांचे फोन मी स्वतः गोळा करून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. टॅबलेटवर अश्दोदहून रूबेन. माझा फोन स्टँडवर, सगळं टिपायला. शिवाय कुणी दाराला हात लावला तर ऐकू यावा म्हणून माझ्याच आवाजात निरोप भरला होता, "प्रार्थना सुरू आहे. कृपया थांबा."

सव्वासहाला काकांनी माणसं मोजली. आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत, अपशकुन होतो. दहा शब्दांचं एक वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेका माणसाकडे बघून म्हणायचा. शेवटचा शब्द काकांनी माझ्याकडे बघून म्हटला आणि आईने डोळ्यांना पदर लावला. जमले होते दहा!

आणि तेवढ्यात रूबेन गोठला. टॅबलेटवर त्याचं तोंड उघडं राहिलं, एक डोळा मिटलेला.

"बेनू, राहू दे ते," काका म्हणाले.

"काका, एक मिनिट! इंटरनेटचा डबा बाहेर जिन्यात आहे. बंद-चालू केला की झालं."

"अरे, त्याच्यावाचून अडलंय का?"

अडलं नव्हतं. पण चालू असलेली गोष्ट सोडून देणारा माणूस निराळा आणि मी निराळा. मी जिन्यात गेलो, डब्याचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबलो. हिरवा दिवा लागला. आतून रूबेनचा आवाज आला, "हां, आता दिसतंय!" मी विजयी मुद्रेने वळलो आणि माझ्या पाठीमागे दार लागलं. खट्.

साडेसहा वाजले होते.

मी बोट लावलं. दार माझ्याच आवाजात म्हणालं, "प्रार्थना सुरू आहे. कृपया थांबा."

दुसरं बोट लावलं. "कृपया थांबा." (एवढा नम्र मी आयुष्यात कधी कुणाशी बोललो नाही.)

मग मी दार बडवायला लागलो.

"कोण आहे?" आतून आई.

"आई, मी! दार उघड!"

"बटण दबत नाहीये रे!"

"ते दबणारच नाही! फोनवरून उघडावं लागेल! माझा फोन घे!"

"पासवर्ड काय?"

"पासवर्ड नाही, कुलपाच्या ॲपला माझाच चेहरा लागतो!"

आतून मोझेस म्हणाला, "धन्य आहेस."

कुलपाला अडीअडचणीसाठी लोखंडी चावी असते, ती फक्त बाहेरून लागते. ती आत शोकेसमध्ये होती, मूळ खोक्यात, प्लॅस्टिकही न काढलेली. इतका आरडाओरडा ऐकून समोरच्या पाटीलमावशी बाहेर आल्या. त्या गव्हाण गावच्या, बोलीही अजून तिथलीच. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झाला रं बेनू? भायेर का उभा हाय?"

"मावशी, कुलूप लागलं."

"मंग चावी नाय?"

"चावी आत आहे."

"आन् तू भायेर. मंग शाना कोन, तू का कुलूप?"

उत्तर दारानेच दिलं, कारण माझा हात पुन्हा लागला होता. "कृपया थांबा."

मला एकदम सुचलं. "काका! मी दाराशीच आहे. इथूनच 'आमेन' म्हणतो. मला धरा ना दहात!"

काका दाराजवळ आले. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "बाहेरचा माणूस धरता येतो, बेनू. पण त्याचा चेहरा दिसला पाहिजे. दारातून, खिडकीतून, कुठूनही. खिडकीशी येतोस का?"

हॉलची खिडकी मागच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर, खाली नाला. तिथून तोंड दाखवायला मला बगळाच व्हावं लागलं असतं.

"कॅमेऱ्यात दिसतोय ना मी! भिंतीवरचा तो छोटा पडदा बघा!"

"ते चित्र आहे. त्यात नुसतं नाक आहे."

"नाक माझंच आहे!"

मधूनच टॅबलेटवरून रूबेन ओरडला, "काका, चित्र चालत असेल तर मलाही धरा की!"

"तू गप रे. तू चार हजार किलोमीटरवर आणि तो चार बोटांवर. दोघं सारखेच लांब आहात." मग काकांनी आवाज खाली आणला. "बेनू, या दाराला भोक होतं ना? काचेचं? मी यायचो तेव्हा तुझा बाप त्यातून बघून हसायचा. त्यातून दिसला असतास तरी मी धरला असता तुला."

ते भोक एका रुपयाच्या नाण्याएवढं होतं. तिथे आता कॅमेऱ्याची तार होती. ती मी स्वतः चिकटपट्टी लावून, वर भुसा आणि फेविकॉल भरून पक्की केली होती. पप्पांनी टॉर्च धरली होती.

मी पायरीवर बसलो. मावशींनी चहा आणून दिला. आत काकांनी पुन्हा एकदा मोजल्याचं मला ऐकू आलं. नऊ शब्द झाले, आणि दहावा म्हणायला त्यांना कुणी सापडेना. ते वचन तसंच तुटलेलं राहिलं.

सात वाजले. सव्वासात. नाक्यावरची बस आता कॉलनीच्या फाटकाशी येऊन हॉर्न मारत होती, कारण मोझेसचा फोन पिठाच्या डब्यात होता आणि तो उचलत नव्हता. साडेसातला कुलूप "टिंग" म्हणालं आणि दार आपोआप उघडलं. समोर मोझेस, खांद्यावर बॅग, आणि उंबरठ्याबाहेर मी.

"काका, किती वेळ लागेल?" मोझेसने विचारलं. खालून हॉर्न.

"प्रार्थना धरून पंधरा-वीस मिनिटं. अगदी आवरतं घेतलं तर दहा."

मोझेस बॅग खाली ठेवायला लागला. त्या महिन्यात तो दोनदा उशिरा गेला होता, तिसऱ्यांदा गेला तर पाळीवरून नाव कटणार होतं. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

तेव्हा आई पुढे आली. तिने ती बॅग उचलली आणि त्याच्या खांद्यावर परत अडकवली. "तू जा, मोझेस."

"मामी, मामाचं काम आहे…"

"मामानेच तुला त्या नोकरीला लावलं ना? तुझ्यासाठी बंदरावर खेटे घातले त्यांनी. त्यांच्यापायी ती गेली तर त्यांना चालेल का? जा. धावत जा."

तो माझ्या शेजारून जिना उतरला. आणि मी आत आलो. एक बाहेर, एक आत. आम्ही पुन्हा नऊच!

रूबेन पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होता. नेटवर्कची पाचही काड्या भरलेल्या. "आई, रडू नको. मी इथे म्हणतो ना. इथे भाजीच्या दुकानात उभं राहिलं तरी दहा माणसं मिळतात."

"म्हण बाबा," आई म्हणाली. "पण त्यांना इथे हवं होतं."

वर्षाची ती तिथी आमच्यात संध्याकाळी लागते आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत असते. मी रात्री आणि सकाळी सगळ्यांना फोन केले. पेणवाला परत आला. अलिबागवाला रात्री आमच्याकडेच राहिला होता, गुडघ्यापायी. कामाचा दिवस होता. दुपारपर्यंत सात जमले, पुढे कुणी आलं नाही. आईने त्या सातांना मलिदा वाढला, गोड पोहे आणि भरपूर खोबरं, आणि मला विचारलं, "तुला वाढू का?" तिने रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. ते कुलूप मी काढलं, कॅमेरा काढला, त्या जागी काच बसवून घेतली. सुतार म्हणाला, "साहेब, लोक याच्या उलट करून घेतात." यंदा मी चार वाजताच अंघोळ करून हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो. फोन मावशींच्या घरी. खिशात रुमालसुद्धा नाही. येणाऱ्याला मी काचेतून बघत होतो, दार उघडत होतो, आणि पुन्हा येऊन माझ्या जागेवर बसत होतो. इतका शहाण्यासारखा मी जन्मात वागलो नसेन.

ठाण्याचे दोघे गणपतीनंतर इस्रायलला गेले. आम्ही आठच होतो. गेल्या वर्षीचा तो घोटाळा पुन्हा करायचा म्हटला, तरी त्यालाही दहा माणसं लागतात.