पांढऱ्या मांडवातली रंगीत तालीम

आमचे आप्पा गेल्या मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी वारले आणि दुपारच्या चहाला उठले. मधल्या वेळात शेजाऱ्यांनी त्यांना हात जोडले होते, माझ्या ऑफिसात हळहळ व्यक्त झाली होती आणि आमचा पहिलावहिला परदेश प्रवास जवळजवळ रद्द झाला होता. या सगळ्याची व्यवस्था (सांगायला संकोच वाटतो) मीच केली होती, आणि अगदी चोख केली होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तर. जन्मभर दिल्लीत केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात खुर्ची उबवली. वाहन चालवलं ते फक्त स्कूटर, तेही अशा वेगानं की मागचे सायकलवाले घंटी वाजवत. पण या माणसाचं सगळं मन अडकलं होतं फ्रान्समधल्या एका मोटार शर्यतीत. चोवीस तासांची शर्यत! ड्रायव्हर आळीपाळीनं बदलतात, गाडी मात्र तीच, दिवसभर आणि रात्रभर पळत राहते. तरुणपणी ऑफिसच्या वाचनालयातल्या एका मासिकात त्यांनी तिचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून दर जूनमध्ये ते घरात विजेत्यांची नावं जाहीर करत आले. ती ऐकून घ्यायला आई होती. "पुढच्या वर्षी जाऊन बघून येऊ," असं ते आईला म्हणायचे आणि आई "हो" म्हणायची. मग आईच गेली. त्यानंतरच्या जूनमध्ये आप्पांनी विजेत्याचं नाव सांगितलंच नाही, आणि ते मला फार लागलं. मी त्याच दिवशी ठरवलं, आता न्यायचंच.

विरोध झाला तो माझ्या नवऱ्याकडून. अविनाश गुरुग्रामला एका विमा कंपनीत धोके मोजतो आणि तेच काम घरी घेऊन येतो. तिकडे प्रेक्षक मैदानात तंबू ठोकून राहतात, असं कळल्यावर त्यानं विचारलं की, जमिनीवर, कानाशी इंजिनं गुरगुरत असताना आप्पांना झोप कशी लागणार? आणि झोप झाली नाही तर रक्तदाबाचं काय? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तालीम करू. चोवीस तास आप्पा तंबूत राहतील. जमलं तर जायचं, नाही जमलं तर टीव्ही आहेच. आप्पा तर तालमीच्या कल्पनेनं इतके हरखले की गुडघ्यांना विश्रांती म्हणून त्यांनी दोन दिवस आधीपासून दूध आणायला जाणंही बंद केलं.

आता एका दिवसासाठी नवा तंबू कोण घेणार? शिवाय दिल्लीच्या मे महिन्यात त्या चिमुकल्या तंबूत माणूस शिजूनच निघाला असता. आमचं क्वार्टर सरोजिनी नगरात, तळमजल्यावर. आमच्या ब्लॉकवर अजून पुनर्विकासाचा बुलडोझर आलेला नाही, त्यामुळे समोर थोडं गवतही शिल्लक आहे. मी सरळ मार्केटमागच्या टेंटवाल्याकडे गेले. त्याला सांगितलं, एका दिवसाचं काम आहे, पांढरा शामियाना द्या, अगदी साधा, रोषणाई नको, गाणीबिणी तर नकोच. वडिलांसाठी आहे. पलंग नको, त्यांना जमिनीवरच ठेवायचं आहे.

टेंटवाल्यानं गल्ल्यावरून उठून हात जोडले. न मागता भाव कमी केला. वर पांढऱ्या चादरी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा कॅम्पर, म्हणजे गार पाण्याचा मोठा जार, फुकट दिला आणि म्हणाला, "हिम्मत रखिए, बहनजी." मला वाटलं, परदेश प्रवासाबद्दलच म्हणतोय. दिल्लीत न मागता कोणी भाव कमी करत नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती.

शुक्रवारी मी रजा टाकली. सकाळी शामियाना उभा राहिला. एका कोपऱ्यात कनात लावून आप्पांसाठी 'तंबू' केला आणि पुढे खुर्च्या मांडल्या, म्हणजे प्रेक्षकांची गॅलरी. आप्पा सतरंजीवर उताणे पडले. कानांत घालायची ती रबरी बुचं त्यांना टोचायला लागली, म्हणून मी कापसाचे बोळे घातले. सतरंजीच्या धुळीनं शिंका येऊ लागल्या, म्हणून एका नाकपुडीत निलगिरीचा बोळा घातला (दुसरी श्वासासाठी राखून ठेवली). माश्या बसत होत्या, म्हणून हनुवटीपर्यंत पांढरी चादर ओढली. डास-अगरबत्तीनं त्यांना ठसका लागतो, म्हणून उशाशी देवाजवळच्या उदबत्त्या लावल्या. प्रत्येक गोष्टीमागे कारण होतं. सगळ्या गोष्टी मिळून कशा दिसतात, ते दोन पावलं मागे जाऊन बघायचं मात्र राहून गेलं.

पहिला पेपर झोपेचा होता, आवाजाचा दुपारी. आप्पा लगेच घोरूही लागले. मग घोरणंही थांबलं, म्हणजे गाढ झोप लागली. मी खूश झाले. तिकडे पाऊस फार, असं ऐकलं होतं, तेव्हा एवढ्यात त्यांच्यासाठी रेनकोट घेऊन यावा म्हणून मी मार्केटला निघाले. उन्हाळ्यातली गरम लू वाहत होती, त्यामुळे नेहमीसारखी ओढणी डोक्यातोंडाला गुंडाळली आणि गॉगल लावला. लेकीला, ईराला, आजोबांकडे लक्ष ठेवायला सांगितलं. तिनं हेडफोन न काढता मान डोलावली.

मेमध्ये रेनकोट शोधायला जरा वेळ लागला. परत आले तर आमच्या शामियान्यात माणसं बसलेली! पांढरे कपडे, खाली घातलेल्या माना, बाहेर चपलांची रांग. ब्लॉकमध्ये कोणीतरी गेलेलं दिसतंय, आणि आपल्या खुर्च्या आयत्या दिसल्या म्हणून लोक इथेच बसले असावेत. अशा वेळी खुर्च्यांवरून काय बोलायचं? मीही चपला काढल्या, हात जोडले आणि मागच्या रांगेत बसले.

शेजारी एक बाई होत्या, मागच्या ब्लॉकमधल्या असाव्यात. मी हळूच विचारलं, "कौन थे?"

"यहीं नीचेवालों के पिताजी," त्या आमच्याच दाराकडे बोट दाखवून कुजबुजल्या. "महाराष्ट्र के हैं। और बेटी को देखो, बाप को ऐसे छोड़कर मार्केट गई है।"

मी रेनकोटाची पिशवी मांडीवर नीट धरली आणि मनापासून म्हणाले, "हद है।"

बाईंच्या मुलांची स्कूल व्हॅन यायची होती. त्या उठून कनातीला नमस्कार करून निघून गेल्या. आणि मग, चांगलं एखादं मिनिट गेल्यावर, नीचेवाले म्हणजे आपणच, हे माझ्या डोक्यात शिरलं.

त्या क्षणाची चेष्टा मला अजूनही करता येत नाही. इतकी माणसं खोटं कशाला बसतील? मी मार्केटला गेले आणि मागे आप्पा गेले, एकटे, त्या धुळकट सतरंजीवर, आणि तिथे मीच त्यांना निजवलं होतं. कनातीपर्यंतचं अंतर मी कसं कापलं ते आठवत नाही. आत आप्पा तसेच उताणे पडले होते. मी गुडघे टेकून त्यांच्या कानातले बोळे ओढून काढले आणि हाका मारत सुटले.

आप्पांनी एक डोळा उघडला. "चहा झाला का?"

मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले. ते हसून माझ्या पाठीवर थोपटत राहिले. त्यांना वाटलं, रेनकोट मिळाला नाही.

बाहेर खुलासा झाला तो असा. वरच्या मजल्यावरच्या शर्माआंटींनी गॅलरीतून पांढरा शामियाना पाहिला. आप्पा दोन दिवस दुधाला दिसले नव्हते. त्या खाली आल्या, कनात जराशी सारून आत बघितलं, कापूस, चादर आणि उदबत्त्या पाहून हात जोडले आणि ईराला विचारलं. ईरानं एका कानावरचा हेडफोन उचलून सांगितलं, "अंदर लेटे हैं।" आणि ती परत खोलीत गेली. पोरीला धक्का बसलाय, असं आंटींनी ओळखलं आणि ब्लॉकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी टाकली. पण रडारड नाही, काही नाही, मग शंका नाही आली? मी विचारलं. आंटी म्हणाल्या, "आप लोग तो सब चुपचाप ही करते हो। आपके यहाँ शादी में भी बैंड कहाँ बजता है?"

लोक हसले, आप्पांशी हात मिळवू लागले. सगळ्यांना चहा ठेवला. इथे गोष्ट संपायची, पण आंटींचे यजमान, शर्माजी, माझ्याच मंत्रालयात आहेत आणि ग्रुपवरची बातमी त्यांनी तिकडे केव्हाच पोचवली होती.

सरकारी नोकराला परदेशी जायचं तर आधी ऑफिसची परवानगी लागते. माझा अर्ज साहेबांकडे होता आणि साहेब त्याच संध्याकाळी महिनाभराच्या प्रशिक्षणाला निघणार होते. त्यांची सही आज झाली नाही तर पुढच्या आठवड्यातली व्हिसाची तारीख हुकणार, आणि ती हुकली की शर्यतही हुकणार. मी धावत साहेबांच्या पी.ए.ला फोन लावला.

"मैडम, आप अर्ज़ी की चिंता मत कीजिए," पी.ए. गहिवरून म्हणाले. "साहब ने लिख दिया है कि पिताजी के देहांत के कारण अब यात्रा नहीं होगी।"

मी सांगितलं, पिताजी जिवंत आहेत, समोर बसून बिस्किट खातायत.

"समझता हूँ, मैडम। मेरी माताजी गईं तो मुझे भी कई दिन यही लगता था।"

आप्पांशीच बोलणं करून दिलं. ते पी.ए.ला म्हणाले की, मी पूर्ण ठीक आहे. पी.ए.नी त्यांनाही धीर दिला आणि सांगितलं की, साहेब एअरपोर्टला जाता जाता तुमच्याकडेच येतायत.

आता जे काय करायचं ते साहेब आले की. मी आप्पांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, जिथून ते कोणालाही दिसतील. साहेब आले. पांढरा कुर्ता, हातात फुलांचं चक्र. त्यांनी आप्पांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चक्र माझ्याकडे दिलं आणि समोर दिसले त्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचे दोन्ही हात हातात घेतले.

"बहुत दुख हुआ," साहेब म्हणाले. "आप उनके कौन?"

आप्पा उठून उभे राहिले. सरकारी माणूस, वरिष्ठ समोर आला की आपोआप उभा राहतो. नाकातला बोळा अजून तसाच होता. "सर, मैं वही हूँ," ते नम्रपणे म्हणाले.

साहेब मटकन खुर्चीवर बसले. शर्माआंटींनी कॅम्परमधलं पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगितलं, शर्यत, तंबू, उदबत्त्या, व्हिसा. साहेबांनी ग्लास रिकामा केला. मग त्यांनी आप्पांना विचारलं की, चोवीस तास गाड्या गोल गोल फिरताना बघून मिळतं काय?

आप्पा म्हणाले, "बायको को बोला था, दिखाऊँगा। वो तो रह गया। कम से कम मैं देख लूँ।"

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. साहेबांनी गाडीतून लॅपटॉप मागवला. हल्ली आमच्या फायली कॉम्प्युटरवर असतात. ईरानं आपल्या मोबाइलचं नेट जोडून दिलं (तेव्हा हेडफोन गळ्यात होते). फाइलवरचा आधीचा शेरा खोडता येत नाही, म्हणून साहेबांनी त्याखाली दुसरा लिहिला. अर्जदाराचे वडील हयात असल्याची प्रत्यक्ष भेटीत खात्री केली, सबब परवानगी देण्यात येत आहे. शामियान्यात टाळ्या पडल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि मी ते फुलांचं चक्र आईच्या फोटोला घातलं.

संध्याकाळी अविनाश आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला की, जो माणूस स्वतःच्या शोकसभेत झोपू शकतो, तो कुठेही झोपेल. तालीम तिथेच संपली.

जूनमध्ये आम्ही गेलो. आप्पा कुंपणाच्या जाळीला दोन्ही हात लावून उभे होते, पहिली गाडी समोरून गेली तेव्हा ते काहीतरी बोलले. कानांत बोळे असल्यानं मला ऐकू आलं नाही, पण माझ्याशी बोलत नव्हते, हे कळलं. तंबूत ते मस्त झोपले. रात्रभर जागी राहिले ती मी, दर थोड्या वेळानं त्यांच्या नाकाशी हात धरून.

परत आल्यावर एका सकाळी आप्पा आणि मी भाजीला गेलो. टोमॅटो निवडताना शेजारी ओळखीचा आवाज आला. त्याच, स्कूल व्हॅनवाल्या बाई. त्या दिवशी ओढणी आणि गॉगल, आज उघडा चेहरा, त्यामुळे त्यांनी मला ओळखलं नाही. त्या भाजीवाल्याला सांगत होत्या की, आमच्या इकडे एक बाई आहे, बाप गेला आणि महिन्याभरात फॉरेन फिरून आली.

भाजीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी टोमॅटोंकडे बघितलं.

"आजकल की औलाद," हातातली पिशवी सावरत आप्पा म्हणाले.

मग मलाही राहवेना. "हद है," मी म्हणाले आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली.