हळू झालेलं रोवण्याचं गाणं

आई गेल्याला वर्ष होत आलं तेव्हा बाबा एका दुपारी दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "तिचा चेहरा दिसते मले. आवाजच आठवत नाही."

लाखनीला हमरस्त्यावर माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तिथला संगणक बिलांसाठी, पण गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्यावर बरसीसाठी आईच्या फोटोंचा स्लाइड शो जुळवत बसायचो. फोटो भरपूर होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. आमची आई रोवण्याला गाणं काढणारी बाई. धानाच्या बांधीत चिखलात वाकून रोवताना एक बाई ओळ काढते, बाकीच्या तीच ओळ उचलतात आणि हात त्या चालीवर चालतात. आमच्या गावात तो मान आईचा. पण कोणी फोन समोर धरला की ती गप्प व्हायची. मशिनीत गेलेला आवाज माणसाकडे परत येत नाही, असं तिचं म्हणणं. आम्ही हसायचो.

तिचं आवडतं गाणं, भाऊ न्यायला येईल म्हणून बांधावर डोळे लावून बसलेल्या बहिणीचं, मला मोबाइलवर सापडलं. स्टुडिओत गायलेलं, कोण्या तरुण गायिकेचा पातळ गोड आवाज. ओळ उचलणाऱ्या बायका त्यात नव्हत्या, त्यांच्या जागी नुसती ढोलकी. म्हटलं, आई नाही तर आईचं गाणं तरी. पैसे भरून विकत घेतलं. पण स्लाइड शोचं सॉफ्टवेअर ती फाइल घेईचना. गाणं माझं, संगणक माझा, आणि म्हणे हा प्रकार इथे चालत नाही. विकतचं श्राद्ध म्हणतात ते हेच, आणि तेही आईच्या श्राद्धासाठी. शेवटी फाइलचा प्रकार बदलून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याने नाना प्रश्न विचारले आणि मी न वाचता 'हो' म्हणत गेलो. सॅम्पल रेट नावाच्या चौकोनात जो आकडा समोर आला तो तसाच राहू दिला.

नवी फाइल वाजवली तर गाणं जरासं हळू झालं होतं आणि आवाज खाली उतरला होता. फार नाही, पण तेवढ्यानेच ती तरुण गायिका पोक्त बाई झाली होती. किंचित घोगरी, शब्दाच्या शेवटी रेंगाळणारी. खुर्चीत डुलकी घेणारे बाबा ताठ बसले.

"हे मशिनीत कवा भरलं रे तुनं?"

ही आई नाही, आकडा चुकल्याने आवाज बिघडलाय, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गाणारी दुसरी असन," ते म्हणाले. "आवाज हिचाच आहे."

मग ते रोज दुपारी येऊ लागले. डोळे मिटून ऐकायचे, संपलं की पुन्हा लावायला सांगायचे. जेवणही सुधारलं, त्यामुळे मलाही बरं वाटत होतं. एक दिवस बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाली, "अहो, बाबा तिच्याशी बोलून राहिले."

मी जवळ जाऊन ऐकलं. प्रत्येक ओळीनंतर नुसती ढोलकी वाजायची तेवढ्या जागेत बाबा पुटपुटत होते. गाय बांधली. मोटर बंद केली. गोळी घेतली. मध्येच थांबून मान तिरकी करायचे, आणि मग पुढचं उत्तर. प्रश्न मला ऐकू येत नव्हते. भर दुपारी, समोर ट्रक धडधडत असताना, मला माझ्याच दुकानात भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आकडा दुरुस्त करून गाणं पुन्हा बदललं आणि तेच लावलं. पातळ, गोड, तरुण आवाज. बाबा पहिल्या ओळीलाच उठले.

"तिले काहून हाकललं तुनं?"

ते घरी गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ताट तसंच परत आलं, रात्रीचंही. बायको म्हणाली, लावून द्या तेच, काय होईल ते होईल. भुताला भिऊन बापाला उपाशी ठेवण्यात काही शहाणपण नव्हतं. मी चुकीची फाइल परत लावली.

बरसीला अंगणात भिंतीवर चादर ताणली आणि मागून आणलेला प्रोजेक्टर लावला. आईच्या रोवण्याच्या टोळीतल्या बायका पुढेच बसल्या होत्या. फोटो सुरू झाले, गाणं सुरू झालं, पहिली ओळ संपली. ढोलकी वाजली आणि त्या साऱ्या बायकांनी ओळ उचलली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्याच उतरलेल्या पट्टीत, त्याच संथ चालीत, एकीचाही सूर न चुकता. दुसरी ओळ आली, तीही उचलली. मी मागे उभा होतो, तिथून त्यांचे हात दिसत होते. मांडीवर बोटं जुळून खाली दाबली जात होती, उचलली जात होती. वाटलं होतं रडतील, पण कोणी रडत नव्हतं. त्या रोवत होत्या.

जेवणं झाल्यावर त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाबांजवळ आली. हे कोणी भरलं, कधी भरलं, काही विचारलं नाही.

"आज लय हळू काढलं तिनं," ती म्हणाली. "थकली असन."

बाबांनी मान डोलावली.

त्यांना आता आवाज आठवतो. दुकानातही क्वचित येतात. पण आईचा आवाज विसरले होते ते बाबा, मी नाही. माझ्याकडे तो शाबूत होता. बांधावरून मला घरातल्या नावाने मारलेली हाक, चढ्या सुरातली, शेवटी तुटणारी. परवा शटर ओढताना ती सहज आठवायला गेलो, तर हाक आली ती खालच्या पट्टीत, संथ, रेंगाळणारी. तेव्हापासून रोज प्रयत्न करतो. आईचा आवाज काही केल्या येत नाही, हाच येतो. गाण्याची मूळ फाइल अजून संगणकात आहे. आईच्या आवाजाची कधी नव्हतीच.

जिने मला कधी पाहिलं नाही अशी कोणी बाई मला माझ्या घरातल्या नावाने हाक मारते. आणि मी ओ देतो.