वाटेतच लागलेली टिचबटणं

माझ्या मुलीला तिच्या कॉलेजात शाळेच्या पोरांना आपला अभ्यास सांगायचा होता. तालीम ऐकून तिच्या मॅडम म्हणाल्या, "मलाच जांभई आली. पोरं कंटाळली तर मी मधेच थांबवीन हां." तोंड पाडून ती कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरी आली. मी फ्रॉकला टिचबटणं शिवत होते. कल्याणचा एक टेलर मला घरी काम देतो. तिने माझ्या हातातलं बटण काढून घेतलं आणि ओरडली, "आई, सापडलं!"

मग मला समजावलं. रक्त तयार करणाऱ्या पेशी हाडांच्या आत असतात. शरीर त्यांना वाढायचा निरोप पाठवतं, तो म्हणजे बटणाचा बोंडाचा भाग. भोकाचा भाग पेशीच्या अंगावर शिवलेला. दोन्ही टिच्च बसले की पेशी वाढायला लागते. पण भोकाचे काही भाग पेशीवरून तुटतात, काही तर शिवलेच जात नाहीत. ते रक्तात सुटे फिरतात आणि निरोप वाटेतच धरतात.

"मग पेशीला काय मिळतं?"

"उरलं तर मिळतं."

मी जुन्या चादरीच्या तुकड्याची पेशी करून त्यावर भोकाचे मोठे भाग शिवून दिले. बोंडाचे भाग आणि तेवढेच सुटे भोकाचे भाग तिने एका डबीत भरले.

"तू पण ये," म्हणाली. गेले. दाराजवळची शेवटची खुर्ची धरली.

तिने पोरांना जवळ बोलावलं, चादर पसरली आणि मला सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. "आता निरोप पेशीला लावते," म्हणत डबी उघडली आणि आत नुसती बोटं फिरवत राहिली. सगळ्या जोड्या लागलेल्या! आदल्या संध्याकाळी मालिका बघता बघता मीच लावल्या होत्या. टिचबटणाचा एक भाग हरवला की दुसरा वाया जातो, म्हणून सुटे दिसले की आमचे हात आपोआप ते जोडतात.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. पोरं चुळबुळायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मी लावून ठेवली ती!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, दारातून पळावं.

मुलगी मात्र हसायलाच लागली. "बघा रे, सुट्या भागांनी डबीतच निरोप पकडले! आता पेशीला लावायला काय उरलं?"

"काहीच नाही!" पोरं ओरडली.

"मग ते सुटे भाग वाईट का, ताई?" एका मुलीने विचारलं.

"नेहमी नाही गं. वाढ अति होऊ नये म्हणूनही लागतात. आई, इकडे ये, हे उघड. तुझ्या नखांना सवय आहे."

मी खाली मान घालून गेले. पोरांनी मला घेरलं. "काकू, मला द्या, मला!" जोड्या सुटत होत्या, चादरीवर टिचटिच बसत होत्या.

मॅडमनी मधे थांबवलं नाही. त्या स्वतःच एका जोडीला नख लावत बसल्या होत्या. शेवटी ती माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "अहो ताई, ही फारच घट्ट बसलीये."

मी उघडून दिली.